नाव मी सुचवतो

फोन ठेवला तेव्हा माझ्या लक्षात आलं की तोंडातला घास मी चावतच नव्हतो. भाकरी आणि मेथी. ती तशीच गालात धरून मी मुंबईच्या माणसाचं सगळं ऐकून घेतलं होतं आणि मधूनमधून नुसतं 'हो हो' म्हणत होतो. घास गिळला तर गार, बेचव. फोन पक्षाच्या ऑफिसातून होता. विधान परिषदेच्या सभापतिपदासाठी आपल्याकडून इमामभाईंचं नाव ठरलंय, विरोधकसुद्धा आडवे येणार नाहीत, आणि सभागृहात ते नाव तुम्ही सुचवायचं, असं तिथला सेक्रेटरी म्हणाला. 'विक्रमदादा, तुमच्या तोंडून आलं तर शोभेल. चांगला संदेश जाईल.' दादा. आजवर हा मला विक्रमराव म्हणायचा, तेही मागं कुणीतरी बोलावत असल्यासारखं घाईघाईत. आज दादा झालो. गोड बोलणाऱ्याच्या हातात काय आहे ते आधी बघावं, असं आमचे आबा म्हणायचे. पण फोनवर कुणाचे हात दिसत नाहीत. आणि संदेश म्हणजे कुणाला जाणार होता, तेही त्यानं सांगितलं नाही.

सुलक्षणा ठेचा वाढायला आली. माझ्या तोंडाकडं बघून तिनं वाढायचं थांबवलं. 'काय झालं?' म्हणाली. 'काही नाही. सभापती निवडायचाय. नाव मी सुचवायचं म्हणतात.' 'मग चांगलंच की. मान तुमचाच.' बायको माझी भोळी नाही, पण सकाळी नऊ वाजता तिला वाकडं दिसत नाही. समोर रविराज, आमचा मुलगा, मोबाईलमध्ये मुंडी घालून बसला होता. मान वर न करता म्हणाला, 'हो म्हणून टाका पप्पा. इमामचाचांसारखा माणूस दुसरा मिळायचा नाही.' आणि माझा हात ताटावरच राहिला. कारण नाव मी अजून घेतलंच नव्हतं. फोनवरही घेतलं नव्हतं, आत्ताही नाही. मी त्याच्याकडं बघत राहिलो. तो बोटानं स्क्रीन वर सरकवत राहिला. विचारावं तर उत्तर मिळेल, आणि ते उत्तर मग मला माहीत असेल. मी पाणी प्यालो आणि उठलो.

इमाम मुलाणी म्हणजे दौंडचे. रेल्वेत नोकरी, रेल्वेच्या युनियनमध्ये उमेदीची वर्षं गेली, मग नगरपालिका, मग परिषद. सत्तरी गाठली. आमच्या पक्षात त्यांच्याइतका मान कुणाला नाही आणि त्यांच्याइतका त्रासही कुणाचा नाही. बाकावर एक हात टेकून उभे राहतात, आवाज चढवत नाहीत, आणि मंत्री घाम पुसायला लागतो. आमच्याच सरकारचा मंत्री असला तरी. सध्या त्यांचा एकच विषय चाललाय, शिक्रापूरच्या पलीकडच्या एका गावचं गायरान. गुरं चारायची गावची जमीन, तिच्यावर दहा-वीस घरं कधीची वसलेली, आणि आता ती गोडाऊनं बांधायला द्यायचं घाटतंय. तिथली नकुशी नावाची म्हातारी तिच्या शेळ्यांबद्दल सांगायला दोन एसट्या बदलून दौंडला गेली, इमामभाईंच्या ओट्यावर बसली, आणि तेव्हापासून त्यांनी तो प्रश्न लावून धरला. अधिवेशन आलं की प्रश्न लागतो. पण यादीत इतका खाली लागतो की वेळ संपतो. आता हा माणूस सभापती झाला तर? सभापती म्हणजे सभागृहातला सगळ्यात मोठा मान. सगळे त्याला वाकून आत येतात, वाकून बाहेर जातात. आणि त्यानं स्वतः प्रश्न विचारायचा नाही, कुठल्या बाजूनं बोलायचं नाही, मतं समसमान पडली तरच आपलं मत द्यायचं. मानाच्या खुर्चीवर नेऊन गप्प बसवायचा हा डाव शेंबड्या पोराला कळेल. आणि तिथल्या गोडाऊनांत आमच्या रविराजची भागीदारी आहे. नाव त्याच्या मित्राचं आहे, पण भागीदारी आहे. मी कधी विचारलं नाही म्हणून मला माहीत नाही, असं आमच्या घरात धरून चालतात.

हा डाव मी लहानपणी बघितलाय, तोही आमच्याच घरात. कवठ्याच्या यात्रेत कुस्त्यांचा आखाडा भरायचा, आणि आमच्याकडं एक रीत होती. एखाद्या पैलवानाला पंच म्हणून उभा केला की त्याला त्या दिवशी लढता येत नाही, हे तर झालंच. पण ज्यानं पंचाच्या डोक्याला फेटा बांधला, त्याच्या घरच्या माणसानं पंचाची ठरलेली कुस्ती धरायची. मग तो घरचा माणूस काटकुळा असो नाहीतर कालच तापातून उठलेला असो. जयसिंग नावाचा पैलवान होता, तो असला की आबांच्या माणसांना इनामाची कुस्ती कधी मिळायची नाही. आबांनी काय केलं, त्या वर्षी जयसिंगचं नाव पंच म्हणून पुढं केलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, माणूस योग्यच होता. आणि फेटा बांधायची वेळ आली तेव्हा आबा माझ्या चुलत्याला म्हणाले, 'तू बांध. तुझा हात चांगला हाय.' चुलता खूश झाला. त्याचा थोरला पोरगा तासाभरात आखाड्यातून खांदा धरून बाहेर आला आणि पुढं जन्मभर त्या हातानं त्याला दोर ओढता आला नाही. मी आबांच्या शेजारी बसलो होतो. ते कुस्ती बघत नव्हते, बघणाऱ्यांची तोंडं बघत होते. मलाही तीच खोड लागली. वरच्या सभागृहात इतकी वर्षं बसलो, पण बोललो फार थोडं. कोण बोलताना कोण कुणाकडं बघतंय, एवढंच बघत आलो. आणि आज कुणीतरी मला म्हणत होतं, तू बांध, तुझा हात चांगला आहे.

ड्रायव्हरला सुट्टी दिली आणि गाडी स्वतःच काढली. ड्रायव्हर रविराजनं ठेवलेला आहे. न्हावऱ्याच्या रस्त्यानं दोन्ही बाजूंना ऊस, तोड चाललेली, ट्रॉल्या रस्ता अडवून चाललेल्या, आणि मी एकेका ट्रॉलीच्या मागं राहून त्याच त्या गोष्टी पुन्हा लावत होतो. मीच का? मी शिरूरचा, ते दौंडचे, शेजारी, म्हणून? की उद्या लोक म्हणाले, म्हाताऱ्याचं तोंड कुणी बंद केलं, तर बोट दाखवायला एक माणूस हवा म्हणून? की रविराजनंच माझं नाव पुढं केलं? पोटच्या पोराबद्दल असं मनात येतं, याची लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून विचार थांबला नाही. आणि इमामभाईंना यातलं काही ठाऊकच नसणार, असं मी धरून चाललो होतो. हा माणूस तसा आहे. आमदार निवासात आम्ही एका खोलीत राहायचो. पहाटे अंधारात लाईट न लावता ते नमाज पढायचे, माझी झोप मोडू नये म्हणून. मी जागाच असायचो. डोळे मिटून पडल्या पडल्या ऐकायचो, सतरंजीवर गुडघे टेकल्याचा आवाज, कपाळ टेकल्याचा तर आवाजही नाही. आणि मला वाटायचं, ह्यांना माहितीय मी जागा आहे. माहीत असून न दाखवणं हा चांगुलपणा की आणखी काही, हे मला कधी ठरवता आलं नाही. चौफुल्याला चहा घेतला, तोही अर्धा टाकला. पाटस मागं पडलं तेव्हा मी मनाशी ठरवून टाकलं. त्यांना सावध करायचं, नाही म्हणायला लावायचं, आणि माझ्यावरचं बालंट टाळायचं. यात त्यांचं भलं किती आणि माझी सुटका किती, ते मोजायच्या फंदात पडलो नाही.

दार रजियाभाभींनी उघडलं. 'या विक्रमभाऊ. हे कधीचे म्हणतायत, विक्रम येईल म्हणून.' मी येणार हे मलाच सकाळी माहीत नव्हतं. आत इमामभाई खिडकीपाशी बसले होते आणि एक तरुण डॉक्टरीणबाई त्यांच्या कानात यंत्र बसवत होत्या. नवं होतं, डबी तिथंच उघडी पडलेली. 'हळू बोल,' मला बघून ते हसले, 'आता सगळं ऐकू येतं.' डॉक्टरीणबाई गेल्या. रेल्वेची शिट्टी झाली तसे ते दचकले आणि कानावर हात ठेवून पुन्हा हसले. मी म्हणालो, 'हे कशाला काढलं आत्ताच?' 'खुर्चीवर बसायचं म्हंजी समद्यांचं ऐकाया पायजे. आजवर माझं मी बोलत हुतो, तवा चालून गेलं.' म्हणजे माहीत होतं. माप देऊन, यंत्र मागवून, ते हातात येईल इतके दिवस आधीपासून माहीत होतं. गाडीत मनाशी जे जे बोलत आलो होतो ते सगळं बारगळलं, आणि त्या जागी राग आला.

'कधी कळलं तुम्हाला?'

'झालं की आठवडाभर.'

'आणि मला आज.'

'तुला आधी सांगितलं असतं तर आठवडाभर त्यात काय काय बघत बसला असतास. आता शिरूर ते दौंड येवढ्यावरच भागलं.' भाभींनी चहा आणला होता, त्या तोंडाला पदर लावून हसल्या. चेष्टा करायची तर इमामभाईंनी करावी, लागत नाही. आज लागली.

मी म्हणालो, 'इमामभाई, तुमचं तोंड बंद करायला बसवतायत तुम्हाला.'

'व्हय.'

'कळतंय तुम्हाला?'

'बहिरा झालुया, येडा न्हाई.' त्यांनी बशीत चहा ओतला. 'इक्रम, माझा प्रश्न कवा चर्चेला आला, सांग बघू. दर टायमाला वेळ संपतो. वेळ कोन बघतं? सभापती. घंटी कोन वाजवतं? सभापती. म्हनलं, चला, आपनच बसू. मी हाय तवर त्यो प्रश्न वर येनार.'

'आणि विचारणार कोण? तुम्हाला तर विचारता यायचं नाही.'

'तू.' ते सरळ माझ्याकडं बघत होते. 'प्रश्नावर माझ्याबरूबर तुझं नाव घालतो. मुंबईवाल्यांनी इचारलं, नाव कुनी सुचवावं, तवा मीच म्हनलं, इक्रमनं. तूच मला सांगितलं हुतंस ना त्या आमदार निवासात, तुमच्याकडची रीत? फेटा बांधनाऱ्याच्या घरानं पंचाची कुस्ती धरायची म्हनून?'

मी सांगितलं होतं, हे खरं. रात्रीचं जेवण झाल्यावर, कौतुकानं, आबांची हुशारी म्हणून सांगितलं होतं. त्यांनी तेव्हा फक्त विचारलं होतं, 'मग तुझ्या चुलतभावाच्या खांद्याचं काय झालं?' आणि मी विषय बदलला होता.

'रविराजचं गोडाऊन तिथंच हुनार हाय,' इमामभाई म्हणाले. विचारलं नाही, नुसतं म्हणाले. भाभी कपबशा घेऊन आत गेल्या. 'मग मलाच का?' मी म्हणालो. 'दुसऱ्यानं इचारलं तर म्हनतील राजकारन हाय. तू इचारल्यावर कोन काय म्हननार?' मी 'बघू' म्हणालो. आमच्याकडं बघू म्हणजे नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. पण त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि रस्त्यापर्यंत सोडायला आले, आणि गाडी वळवताना मला आरशात दिसलं, ते कानातलं यंत्र काढून खिशात ठेवत होते.

परतीच्या रस्त्यावर ऊन डोळ्यांवर होतं. दौंडला जाताना मला वाटत होतं, मला मुंबईवाल्यांनी निवडलं. आता कळलं की इमामभाईंनी निवडलं. मग मुंबईवाले इतक्या सहजी तयार कसे झाले? दादा कशाला म्हणाले? दोघांनाही एकच माणूस सोयीचा कसा असेल? आणि मग वरवंडच्या आसपास ते डोक्यात आलं, जे मला यायला नको होतं. समजा इमामभाईंचं ठरलंच असेल. त्यांनी खुर्ची घ्यायची, प्रश्न पुकारायचा, म्हणजे नकुशीला सांगायला झालं की मी पुकारला. आणि विचारणारा असा ठेवायचा की जो उठणारच नाही. मी. म्हणजे म्हाताऱ्याची इज्जत राहिली, पक्षाचं काम झालं, रविराजचं गोडाऊन झालं, आणि सगळ्यांची नजर माझ्या बाकावर. सत्तर वर्षं सरळ वागलेला माणूस शेवटी एकदा दमत नसेल का? मला त्यांचा राग आला, आणि तो राग गोड लागला, कारण ते तसे निघाले तर मी काही फार वाईट ठरत नव्हतो. गाडी बाजूला घेतली. ट्रक जवळून गेला की गाडी हलायची. बराच वेळ मी तिथंच होतो.

रविराज ओट्यावर वाट बघत होता. 'झालं का चाचांशी बोलणं?' मी कुठं गेलो होतो तेही त्याला माहीत. मी विचारलं, 'सकाळी नाव तुला कुणी सांगितलं?' तो म्हणाला, 'पप्पा, तुम्ही फक्त नाव सुचवा. पुढं काही बोलायची गरज नाही. सगळ्यांना माहितीय तुम्ही बोलत नाही.' त्यानं हे प्रेमानं म्हटलं. काळजीनं म्हटलं. 'सगळ्यांना म्हणजे?' 'सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना. म्हणून तर तुमच्यावर विश्वास आहे लोकांचा.' माझ्या पोरानं मला फसवलं असतं तर मला सोपं गेलं असतं. त्यानं मला ओळखलं होतं. मी आत जाऊन हातपाय धुतले. सुलक्षणानं जेवायला वाढलं तर भूक नाही म्हणालो. ती म्हणाली, 'कुणाचं काय मनात घेतलंय?' मी म्हणालो, 'माझंच.' तिला वाटलं मी टाळतोय.

निवडीच्या दिवशी सभागृहात गर्दी होती. मी उभा राहिलो. 'सभापतिपदासाठी मी सन्माननीय सदस्य इमाम मुलाणी यांचं नाव सुचवतो.' माझा आवाज इतका मोठा निघाला की माझाच मला ओळखू येईना. दुसऱ्या बाजूच्या एकानं अनुमोदन दिलं, बाकं वाजली. आमचे एक आणि विरोधकांचे एक असे दोन नेते रिवाजाप्रमाणे त्यांच्या दोन्ही हातांना धरून खुर्चीपर्यंत घेऊन गेले. पायरी चढताना इमामभाई क्षणभर थांबले. वयामुळं की कशामुळं, कळलं नाही. मग अभिनंदनाची भाषणं झाली, प्रत्येकानं त्यांच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं, आणि ज्यांनी जास्त केलं त्यांची नावं मी मनात धरून ठेवली. खुर्चीतले इमामभाई लहान दिसत होते. रात्री त्यांना फोन करावा असं वाटलं, पण सभापतीला फोन केला तर लोक काय म्हणतील हे मनात आलं, आणि केला नाही. त्यांचाही आला नाही.

पुढच्या आठवड्यात प्रश्न लागला. वर, अगदी सुरुवातीला. म्हणजे तेवढं त्यांनी बोलल्याप्रमाणे केलं. आदल्या संध्याकाळी रविराजचा फोन आला होता. गोडाऊनबद्दल चकार शब्द नाही, फक्त 'बीपीची गोळी घेतली का पप्पा' एवढंच विचारलं, आणि मला रडू येईल असं झालं. इमामभाईंनी प्रश्न पुकारला. माझं नाव घेतलं. सदस्य उठला नाही तर प्रश्न तिथंच संपतो. कुणी काही विचारत नाही, पुढचा प्रश्न येतो, बस. पुढच्या बाकावरून एकानं मागं वळून माझ्याकडं बघितलं आणि हसला, आपण दोघं एका बाजूचे असल्यासारखा. मी उठलो. मंत्री म्हणाले, लेखी उत्तर दिलेलं आहे. मी म्हणालो, 'उत्तर वाचलं. गायरान ज्या गोडाऊनांना देताय, त्यांचे भागीदार कोण कोण आहेत, ते त्यात नाही. एक माझा मुलगा आहे. बाकीची नावं मंत्र्यांनी सांगावीत. आणि तिथं राहणाऱ्या माणसांनी जायचं कुठं, तेही सांगावं.'

मंत्री कागद चाळायला लागले, मागचे अधिकारी त्यांच्या कानाशी वाकले. 'माहिती घेऊन पटलावर ठेवली जाईल,' मंत्री म्हणाले आणि खाली बसले. आणि खुर्चीतून आवाज आला, सपाट, कुठल्याच बाजूचा नसलेला. 'मंत्र्यांचं उत्तर आलेलं आहे. सन्माननीय सदस्यांनी खाली बसावं. पुढचा प्रश्न.' हा नियम होता का? नियम असाच आहे, उत्तर आलं की बसायचं. की मला वाचवत होते, म्हणत होते, तुझं झालं, आता बस? की सगळं आधीच ठरलेलं होतं, मी उठलो तेवढंच ठरल्याबाहेरचं, आणि आता ते सावरून घेत होते? आजवर अशा वेळी मी एकच गोष्ट करत आलो. मान वर करून तोंड बघायचं, आणि त्यात काय दिसतं त्यावरून बसायचं की नाही ते ठरवायचं. इमामभाईंचं तोंड माझ्यापासून चार बाकांवर होतं.

मी तिकडं बघितलं नाही. मंत्र्यांकडं बघून म्हणालो, 'माझं उत्तर आलेलं नाही.'

'बसा,' खुर्ची म्हणाली.

मी उभाच राहिलो आणि पहिल्यापासून प्रश्न पुन्हा विचारायला लागलो.